प्राण्यांमधील जनुकीय बदल आणि लोकमत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्यांच्या जनुकांत बदल करण्याविषयी लोकांना काय वाटते, हे जाणून घेण्याचे काम आता विद्यापीठे, सरकारी खाती, कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था अशा सर्वांपुढे येऊ लागले आहे. मराठीतून अशा प्रश्नावल्या तयार करणारे, गावोगाव जाऊन मुलाखती घेणारे आणि वर्तमानपत्रात छापलेले टक्के वाचून बुचकळ्यात पडणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

जनुकीय बदल आणि संकर यांत फरक काय, आणि सर्वेक्षणात तो आधीच स्पष्ट का करावा लागतो?

संकरात नर-मादीचा मेळ घालून पुढच्या पिढीची वाट पाहिली जाते. कोणते गुण उतरतील आणि कोणते नाहीत, हे बरेचसे नशिबावर असते. जनुकीय बदलात प्रयोगशाळेत एखादे ठरावीक जनुक घातले, काढले किंवा निकामी केले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१५ मध्ये खाण्यासाठी मंजूर केलेला ॲक्वॲडव्हांटेज सॅमन हे याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. त्यात अटलांटिक सॅमनमध्ये चिनूक सॅमनचे वाढीच्या संप्रेरकाचे जनुक बसवले आहे आणि ते वर्षभर चालू राहावे म्हणून ओशन पाउट या थंड पाण्यातील माशाच्या डीएनएचा तुकडा जोडला आहे, त्यामुळे एरवी सुमारे तीन वर्षांत विक्रीयोग्य होणारा मासा दीड वर्षात तयार होतो. अलीकडचे जनुक-संपादन याहून वेगळे आहे, कारण त्यात बाहेरचे जनुक आणावेच लागते असे नाही. डुकरांना श्वसनाच्या एका घातक विषाणूची लागण होऊ नये, म्हणून त्यांच्या स्वतःच्याच जनुकात केलेल्या अशा बदलाला अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी मिळाली.

हा फरक आधी सांगावा लागतो, कारण आपल्याकडे गोठ्यात ‘संकरित’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. ज्याच्या दावणीला जर्सी किंवा होल्स्टिनचा अंश असलेली गाय आहे, तो ‘बदललेला प्राणी’ म्हटले की तिच्याच दुधाचा, फॅटचा, आजारपणाचा आणि पेंडीच्या खर्चाचा हिशेब डोक्यात मांडून उत्तर देतो. ते उत्तर प्रामाणिक असते, परंतु ते आपल्या प्रश्नाचे नसते.

हा विषय तज्ज्ञांचा आहे. लोकांना विचारण्याची गरजच काय?

दिल्लीची गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती भारतात फारशी आठवली जात नाही. १९७० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी मिळून डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे एक केंद्र दिल्लीत सुरू केले. पैसा अमेरिकेकडून आला होता. आजच्या अर्थाने त्या कामात जनुके बदललेली नव्हती; रसायनाने किंवा गुणसूत्रांच्या फेरबदलाने नर डास वांझ करायचे आणि ते मोठ्या संख्येने सोडून डासांची पैदास खाली आणायची, अशी कल्पना होती. शास्त्रीय पातळीवर काम गंभीरपणे चालले होते. मात्र वर्तमानपत्रांतून प्रश्न उभे राहिले : देशाला छळणारा आजार मलेरिया असताना एडिस इजिप्ती या डासावर एवढा भर का, हा डास ज्या पीतज्वराचा वाहक आहे तो भारतात नाहीच, मग ही माहिती कोणाच्या उपयोगाची, आणि तिचा जैविक युद्धाशी काही संबंध आहे का? प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेले. हरियाणातील सोनिपत येथे डास सोडण्याचा नियोजित प्रयोग १९७५ मध्ये ऐन वेळी रद्द झाला आणि केंद्रही बंद पडले.

आरोपांत तथ्य किती होते, यावर वाद घालता येईल. लक्षात घेण्याजोगी बाब वेगळीच आहे. ‘हाच डास का’ हा प्रश्न कोणत्याही जागरूक माणसाला पडण्यासारखा होता, आणि लोकांशी आधी बोलणे झाले असते तर तो पहिल्याच बैठकीत पुढे आला असता. लोकमत घेण्याचा खरा उपयोग तज्ज्ञांच्या निर्णयावर शिक्का मिळवण्यापेक्षा असे प्रश्न वेळेत ऐकू येण्यात आहे, असे आमचे मत आहे.

लोक प्राण्यांमधील जनुकीय बदलाच्या सरसकट विरोधात असतात का?

नाही, आणि ‘तुम्ही बाजूने की विरोधात’ असा एकच प्रश्न विचारणारे सर्वेक्षण जवळजवळ निरुपयोगी ठरते ते याचमुळे. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०१८ च्या एप्रिल-मे महिन्यांत २,५३७ प्रौढांना पाच वेगवेगळे उपयोग सांगून त्यांतला प्रत्येक योग्य वाटतो का, असे विचारले. रोग पसरू नयेत म्हणून डासांचे प्रजनन रोखण्याला ७० टक्के लोकांनी योग्य म्हटले. माणसाला बसवता येतील असे अवयव किंवा ऊती प्राण्यांत वाढवण्याला ५७ टक्के, अधिक पौष्टिक मांसासाठी प्राणी बदलण्याला ४३ टक्के आणि नामशेष झालेला प्राणी परत आणण्याला ३२ टक्के लोक अनुकूल होते. मत्स्यालयातील मासे चमकावेत म्हणून केलेल्या बदलाला मात्र केवळ २१ टक्क्यांनी होकार दिला.

एकाच तंत्राला एकाच वेळी त्याच माणसांकडून ७० आणि २१ असे दोन आकडे मिळतात, म्हणजे लोक तंत्रापेक्षा हेतू तोलत आहेत. त्यामुळे कोणी ‘प्राण्यांच्या जनुकीय बदलाला इतके टक्के विरोध’ असे सांगितले, तर कोणता प्राणी आणि कशासाठी, हे आधी विचारावे.

प्रश्नातील शब्दांमुळे उत्तर खरेच इतके बदलते का?

आमच्या अनुभवात सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून हे उत्तर थोडे लांबवतो.

परभणीकडच्या एका गावात प्रश्नावलीची पूर्वचाचणी घेताना आम्ही ‘जीनमध्ये बदल’ असे शब्द वापरले होते. समोरच्या गृहस्थांनी मान डोलावली, ‘आमच्याकडं दोन जीन होत्या, एक बंद पडली,’ असे सांगितले आणि कापसाच्या भावावर ते बराच वेळ बोलत राहिले. कापूस पट्ट्यात जीन म्हणजे सरकी काढण्याचा कारखाना, हे आम्हाला मुंबईत बसून सुचले नव्हते. ‘जनुक’ हा शब्द लिहिला तर शाळकरी मुलांना कळतो, आजोबांना कळत नाही. ‘बीटीसारखे’ असे म्हटले तर सगळ्यांना कळते, परंतु त्याबरोबर बोंडअळी, बियाण्याच्या पाकिटाचा दर आणि कर्ज असे सर्व काही उत्तरात शिरते. शेवटी ‘आईबापांकडून पिल्लात उतरणारे गुण ज्यामुळे ठरतात, त्यात प्रयोगशाळेत केलेला बदल’ असे लांबलचक वाक्यच वापरावे लागले. वाक्य लांब झाले तरी चालेल, त्याचा अर्थ मात्र सर्वांसाठी एकच असावा.

माशांच्या नावांचेही तसेच आहे. आपल्याकडच्या हॉटेलांच्या यादीत रावस हा ‘इंडियन सॅमन’ म्हणून लिहिलेला असतो, वास्तविक त्याचा अटलांटिक सॅमनशी संबंध नाही. सॅमनविषयी नुसते विचारले, तर कोकणातला माणूस रावसाविषयी मत देईल.

डासांच्या बाबतीत एका माहितीने उत्तर फिरते. नर डास चावत नाहीत, चावते ती मादी. ‘जनुकीय बदल केलेले डास तुमच्या गावात सोडावेत का’ असे विचारले की साहजिकच प्रतिप्रश्न येतो की, आहेत तेच मारता येईनात, आणखी कशाला सोडता? ‘न चावणारे नर डास’ असे म्हटले की प्रश्न सौम्य होतो. जनुकीय बदल केलेले डास तयार करणाऱ्या ऑक्सिटेक या कंपनीने आपल्या डासांना ‘फ्रेंडली’ हे विशेषण लावले, तेही याच जातकुळीचे आहे. कंपनीने आपल्या मालाला गोड नाव द्यावे, यात नवल नाही. सर्वेक्षकाने मात्र ते प्रश्नात घेऊ नये आणि ‘म्युटंट’ किंवा ‘राक्षसी’ असा विरोधकांचा शब्दही घेऊ नये. नर चावत नाहीत ही खरी माहिती द्यावी, परंतु ती देण्यापूर्वी एकदा आणि दिल्यानंतर एकदा असे दोन्ही वेळा मत विचारून दोन्ही आकडे छापावेत.

एक हजार लोकांच्या उत्तरांवरून कोट्यवधी लोकांचे मत कसे सांगता येते?

निवड खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी, असेल, तर एक हजार उत्तरांवरून काढलेल्या टक्क्यात साधारण तीन टक्के इकडे-तिकडे एवढीच चूक संभवते, आणि लोकसंख्या पन्नास लाख आहे की पाच कोटी, याने त्यात फारसा फरक पडत नाही. निवडक गावे घेऊन त्यातच मुलाखती उरकल्या, तर ही चूक वाढते, कारण एका गावातली माणसे एकमेकांसारखा विचार करण्याचा संभव अधिक असतो.

खरी अडचण आकड्याची नसून निवडीची आहे. न्यूझीलंडमध्ये २००० ते २००१ या काळात जनुकीय बदलावर शाही आयोग नेमला गेला, तेव्हा जनतेकडून १०,००० हून अधिक लेखी निवेदने आली आणि त्यांतली ९२ टक्के विरोधात होती. म्हणून देशातले ९२ टक्के लोक विरोधात होते, असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण ज्याला तळमळ आहे तोच लिहायला बसतो. त्याचप्रमाणे ही निवेदने केराच्या टोपलीत टाकण्याजोगी होती, असेही नाही. निवेदनांतून आक्षेप कोणते आहेत हे कळते, नमुना सर्वेक्षणातून ते किती जणांचे आहेत हे कळते, आणि या दोन कामांची सरमिसळ झाली की दोन्ही बाजू आपल्याला सोयीचा आकडा घेऊन भांडत बसतात.

मत कोणाचे धरायचे : संपूर्ण जिल्ह्याचे, की जेथे प्रयोग होणार त्या वस्तीचे?

याचे उत्तर संख्याशास्त्रात नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा कीज या बेटांच्या माळेत एडिस इजिप्ती डासांवर ऑक्सिटेकचे जनुकीय बदल केलेले नर सोडण्याचा प्रस्ताव होता आणि त्यासाठी की हेवन ही सुमारे हजार लोकवस्तीची जागा ठरली होती. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी, अध्यक्षीय निवडणुकीच्याच दिवशी, त्यावर बंधनकारक नसलेले सार्वमत घेण्यात आले. संपूर्ण मनरो काउंटीत अर्ध्याहून अधिक, म्हणजे ५७ ते ५८ टक्क्यांच्या आसपास मते बाजूने पडली. की हेवनमध्ये मात्र सुमारे ६५ टक्के मते विरोधात गेली. डास ज्यांच्या अंगणात सोडायचे होते त्यांनी नकार दिला आणि ज्यांच्या अंगणात सोडायचे नव्हते त्यांनी होकार दिला, असा त्याचा सरळ अर्थ होता.

पुढे की हेवन वगळण्यात आले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये परवानगी दिली आणि २०२१ च्या वसंतात त्याच काउंटीतील कजो की, रॅमरॉड की आणि व्हाका की या बेटांवर डास सोडले गेले.

आमच्या दृष्टीने दोन्ही आकडे वेगवेगळे मोजणे आणि वेगवेगळे छापणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. सरासरी काढली की वस्तीचा नकार काउंटीच्या होकारात विरघळून जातो, आणि ज्याच्यावर परिणाम होणार त्याचाच आवाज हरवतो.

लोकांना पुरेशी माहिती दिली की विरोध आपोआप मावळतो, हे खरे आहे का?

ही समजूत शास्त्रज्ञांमध्ये फार लोकप्रिय आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. प्यूच्या वर उल्लेखिलेल्या पाहणीत विज्ञानाचे ज्ञान अधिक असलेले लोक अशा बदलांना तुलनेने अधिक अनुकूल होते. दुसरीकडे ब्रिटनमध्ये २००३ साली जनुकीय बदल केलेल्या पिकांवर देशव्यापी चर्चा घडवून आणली गेली, तेव्हा लोक विषयात जितके खोल शिरले तितकी त्यांची भूमिका अधिक कडक झाल्याचे आयोजकांनीच नोंदवले. पिकांचा अनुभव प्राण्यांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही, तरी धडा घेण्यासारखा आहे. माहिती मिळाल्यावर माणूस ‘हे सुरक्षित आहे का’ या प्रश्नापाशी थांबत नाही. नफा कोणाचा, चूक झाली तर भरपाई कोण देणार, सोडलेला जीव परत घेता येतो का, असे तो विचारू लागतो, आणि या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळत नाहीत.

डेन्मार्कने यावर एक वेगळी वाट काढली. तेथील तंत्रज्ञान मंडळाने १९८७ पासून सर्वसामान्य नागरिकांचा एक छोटा गट निवडायचा, त्यांना वेळ आणि वाचायला साहित्य द्यायचे, त्यांनी तज्ज्ञांना प्रश्न विचारायचे आणि शेवटी स्वतःचे निवेदन लिहायचे, अशा सहमती परिषदा भरवल्या. पहिली परिषद उद्योग आणि शेतीतील जनुक तंत्रज्ञानावरच होती. असा गट देशाचे टक्के सांगू शकत नाही, परंतु विचारान्ती मत कसे घडते ते दाखवतो.

‘माहीत नाही’ या उत्तरांचे काय करावे?

ती छापावीत. अनेक अहवालांत ही उत्तरे वगळून उरलेल्यांचे शंभर टक्के केले जातात, आणि ४० विरुद्ध ३० चे चित्र ५७ विरुद्ध ४३ असे दिसू लागते. नव्या विषयावर ‘माहीत नाही’ हेच बहुतेकदा सर्वांत विचारी उत्तर असते.

लोकांनी ते अन्न विकत घेतले, म्हणजे त्यांची संमतीच झाली नाही का?

पाकिटावर लिहिलेले असेल तर काही अंशी तसे म्हणता येईल. वर उल्लेख केलेला सॅमन पहिल्यांदा २०१७ मध्ये कॅनडात विकला गेला, सुमारे साडेचार टन, आणि तेथे वेगळे लेबल लावणे बंधनकारक नव्हते. ज्यांनी तो खाल्ला त्यांना आपण काय खातो हे कळण्याचा मार्ग नसल्याने त्या खरेदीतून मत काढता येत नाही. अमेरिकेत अनेक मोठ्या किराणा साखळ्यांनी हा मासा विकणार नाही असे जाहीर केले होते, ते मात्र ग्राहकांच्या मनाचा अंदाज घेऊनच. उत्पादक कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये मत्स्यपालनच थांबवले, परंतु त्यामागे पैशाची चणचण होती, त्यामुळे तो लोकमताचा विजय किंवा पराभव मानणे घाईचे होईल.

भारतात आणि महाराष्ट्रात असे मत घेतले गेले आहे का?

सर्वांत मोठा प्रयोग प्राण्यांवर नव्हता, वांग्यावर होता. बीटी वांग्याला परवानगी द्यावी की नाही, यासाठी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूरही होते. सुमारे ८,००० लोक सहभागी झाले आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवडीला स्थगिती देण्यात आली. या सुनावण्या गोंगाटाच्या होत्या. त्यांना सर्वेक्षण म्हणता येणार नाही, तरी शेतकरी, बियाणे कंपन्या, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ एकाच सभागृहात मंत्र्यासमोर बोलले, हे त्याआधी आणि त्यानंतर क्वचितच घडले आहे.

प्राण्यांच्या बाबतीत महाराष्ट्राचा थेट संबंध जालन्याशी येतो. जिल्ह्यातील दावलवाडी येथे ऑक्सिटेक आणि तिची भारतीय भागीदार कंपनी यांनी जानेवारी २०१७ मध्ये डेंग्यूही पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती जातीच्या, जनुकीय बदल केलेल्या डासांच्या पिंजऱ्यातील चाचण्या सुरू केल्या. उघड्यावर डास सोडायचे तर नियामकांची वेगळी मंजुरी लागते. पिकांना मार्च २०२२ मध्ये जनुक-संपादनाच्या काही प्रकारांसाठी जी सवलत मिळाली, तीही केवळ वनस्पतींपुरती आहे. शिवाय जनुकीय बदल केलेल्या जिवांच्या सुरक्षिततेविषयीच्या, भारताने मान्य केलेल्या कार्टाजेना या आंतरराष्ट्रीय करारातील कलम २३ नुसार अशा निर्णयांत जनतेचा विचार घेणे अपेक्षित आहे, परंतु तो कसा घ्यायचा, हे ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले आहे.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावाचे मत मानावे का?

उपस्थितीची नोंदवही पाहिल्याशिवाय मानू नये. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट राहत नाही. दोन-तीन हजार मतदारांच्या गावात मंदिरासमोरच्या पारावर बसलेल्या वीस-पंचवीस जणांच्या हात वर करण्यावर ठराव होऊ शकतो. कायद्याने तो वैध असतो, मतमोजणी म्हणून मात्र त्याचा उपयोग बेताचा.

गावात प्रत्यक्ष मुलाखत घेताना कोणती काळजी घ्यावी?

मुलाखत ओसरीवर सुरू होते आणि पाचच मिनिटांत शेजारचे चार जण येऊन बसतात. बाईंना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दीर किंवा सासरे देतात, बाई हसून ‘ते म्हणत्यात तेच’ म्हणतात, आणि कागदावर एका स्त्रीचे मत नोंदले जाते. वास्तविक पाणी भरणे, ड्रम आणि रांजण झाकणे, पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळणे, तापाच्या पोराला दवाखान्यात नेणे हे सगळे त्याच करत असतात. डासांवरचे मत त्यांना एकटीला, स्वयंपाकघराच्या दारात किंवा पाण्याच्या टाकीपाशी विचारावे, आणि शक्यतो विचारणारी स्त्री असावी.

दुसरी अडचण ‘होकाराची’. पाहुण्याला नाही म्हणणे आपल्याकडे जड जाते, त्यातून विचारणारा चारचाकीतून उतरलेला असेल तर तो सरकारी साहेब ठरतो आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हो साहेब’ येते. यावर उपाय म्हणून तोच प्रश्न पुढे उलटा करून विचारावा, आणि मधे एखादा ओळखीचा विषय घ्यावा. टाकीत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडणे बहुतेक गावांना माहीत असते. ते सोडताना कोणी विचारले होते का, कोणाची तक्रार होती का, मासे नंतर मेले तेव्हा काय झाले, येथून सुरुवात केली की माणूस मोकळेपणी बोलतो, आणि डासांच्या प्रश्नाला येईपर्यंत ‘हो साहेब’ थांबलेले असते.

नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते की रोज, हेही प्रश्नावलीत विचारावे. जेथे पाणी साठवल्याशिवाय गत्यंतर नाही, तेथे एडिसची पैदास घरातच होते, आणि अशा घरातले लोक कधीकधी म्हणतात की डासांत बदल करण्यापेक्षा आम्हाला रोज पाणी द्या. अशा उत्तरासाठी प्रश्नावलीत बहुधा चौकट नसते. ती ठेवावी.

एकदा घेतलेला कौल किती काळ ग्राह्य धरावा?

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोमध्ये टार्गेट मलेरिया या संशोधन प्रकल्पाने बाना या गावात जुलै २०१९ मध्ये जनुकीय बदल केलेले वांझ नर डास सोडले. त्याआधी अनेक वर्षे गावकऱ्यांशी बैठका झाल्या, आणि ‘जनुक’ यासारख्या कल्पनांसाठी तेथील जुला भाषेत शब्द घडवावे लागले. गावाची संमती मिळवण्याच्या कामात एवढी मेहनत घेतल्याची उदाहरणे थोडी आहेत. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील सरकारने प्रकल्पाचे काम थांबवण्याचा आदेश दिला. मधल्या काळात देशात सत्तापालट झाला होता.

त्यामुळे अहवालाच्या पहिल्याच पानावर मुलाखती कोणत्या महिन्यात झाल्या, पैसे कोणी दिले आणि प्रश्न मराठीत नेमका कोणत्या शब्दांत विचारला, हे छापावे. प्रयोग एका वर्षाहून पुढे ढकलला गेला तर त्याच वस्तीत, त्याच शब्दांत पुन्हा विचारावे, आणि ज्यांनी पहिल्यांदा ‘माहीत नाही’ असे सांगितले होते, त्यांच्या दारात सर्वांत आधी जावे.